हुकावरचं वजन

“तू एसटीनं जा,” वहिनी म्हणाल्या. “दहाची पुणे गाडी मिळेल तुला.”

त्या जीपच्या मागं उकिडव्या बसून डब्याचा दांडा हुकात अडकवत होत्या. मी नुकताच येऊन पोचलो होतो, बॅग अजून खांद्यावरच होती. पहाटे पुण्याहून निघायचं, दिवसभर कराडला वहिनींकडे राहायचं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना बरोबर घेऊन परतायचं, असं मनाशी ठरवून मी न कळवता आलो होतो. कळवणार कसं? आठ महिन्यांत त्यांनी फोन क्वचितच उचलला होता.

“तुम्ही कुठं निघालात?”

“गुहागरला. डबा विकायचाय. तिकडं एक गिऱ्हाईक आहे.”

“मग मी येतो बरोबर.”

“नको.”

इतकं कोरडं ‘नको’ मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मी आठ वर्षांचा असताना कुमुदवहिनी आमच्या घरात आल्या. आईला संधिवातानं अंथरूण धरायला लावलं होतं, त्यामुळं माझे पाढे, माझे डबे, माझ्या शाळेतल्या तक्रारी, सगळं त्यांनीच निस्तरलं. त्या मला ‘नंदू’ म्हणायच्या आणि अजूनही भात वाढताना ताटाकडं न बघता बरोबर दोन वाढे वाढायच्या. त्या माणसानं तोंड फिरवून ‘नको’ म्हणावं याचा मला राग आला.

“माझी दोन दिवस रजा आहे,” मी म्हटलं. “आणि तुमच्याशी बोलायचंय.”

“इथं बोल.”

“असं उभ्या उभ्या नाही.”

त्यांनी साखळी अडकवली, हात झटकले आणि जीपमध्ये जाऊन बसल्या. मी दुसऱ्या बाजूनं चढलो.

डबा म्हणजे दादाचं फिरतं घर. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, दोनच चाकं, पत्र्याचं अंग, आत दोन बाकं आणि एक घडीची खाट. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ दिनकर, कराडच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचा. गावातल्या एका फॅब्रिकेटरकडून त्यानं तो बनवून घेतला होता. सुट्टी लागली की डबा जीपला जोडायचा आणि दोघांनी निघायचं. विहीर खणताना, रस्त्याला सुरुंग लावताना खडकाच्या पोकळीत जे स्फटिक निघतात, ते दादा गोळा करायचा. गाडी वहिनी चालवायच्या, कारण दादाचं लक्ष रस्त्यावर नसायचं, कड्यांवर असायचं. मूलबाळ नव्हतं. त्याचं दोघांनाही काय वाटत होतं ते आम्हाला कधी कळलं नाही.

मे महिन्यात गुहागरहून परत येताना दादा गेला. चिपळूणच्या एका दवाखान्यात, हृदयविकारानं. आम्हाला एवढंच माहीत होतं. आता जानेवारी होता, १९९६ सालचा.

कराड सोडून अर्धा तास झाला होता. थंडी होती, ऊस तोडून झालेल्या रानांतून धूर निघत होता. वहिनी गाडी नेहमीसारखी चालवत होत्या, सरळ बसून, दोन्ही हात चाकावर. मला सायकलीपलीकडं काही चालवता येत नसल्यामुळं मी शेजारी बसून नुसता रस्ता बघत होतो. मागून एक मालट्रक आला आणि हॉर्न देत आमच्या पुढं गेला. त्याच्या वाऱ्यासरशी जीपचा मागचा भाग कुणीतरी हातानं धरून बाजूला ढकलावा तसा सरकला. मग दुसरीकडं. मी आरशात पाहिलं तर डबा शेपटीसारखा हलत होता. वहिनींनी पाय सैल केला, वेग उतरला आणि डबा पुन्हा मुकाट मागून येऊ लागला.

“हे असं पूर्वी व्हायचं का?”

“नाही.”

“मग आता का होतंय?”

त्यांचा आवाज मला पाढे शिकवायच्या वेळचा होता. “डब्याच्या सगळ्या वजनाचे दहा भाग धरलेस, तर एक भाग हुकावर पडायला हवा. थोडं जास्त पडलं तर चालतं, कमी पडून चालत नाही. बैलगाडी बघितलीयस ना? मागं जास्त भरली की ती उलाळ होते. जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. इथं बैलांऐवजी जीप, एवढंच.”

“हुकावर किती पडलंय हे कळतं कसं?”

“दांड्याखाली वजनकाटा ठेवायचा. साधा, माणसं वजन करतात तो. आमच्या डब्याला पंचावन्न किलो लागतं. दर खेपेला निघण्याआधी मी बघायचे. कमी भरलं तर आतली पेटी पुढं घ्यायची, जास्त भरलं तर मागं. तुझ्या दादाला दगड मिळाले की परतताना सगळं नव्यानं लावावं लागायचं.”

“आणि कमी पडलं तर?”

“सपाटीवर फारसं कळत नाही. आत्ता झालं तेवढंच. उताराला लागलं, वेग वाढला की डबा डोलायला लागतो. एकदा इकडं, एकदा तिकडं. प्रत्येक झोका आधीपेक्षा मोठा. मग जीप डब्याला ओढत नाही, डबा जीपला ओढतो.”

“ब्रेक मारायचा.”

“ब्रेक मारला की मागचं सगळं अंगावर येतं. आणखीच डोलतो.”

“मग करायचं काय?”

वहिनींनी आरशात पाहिलं. “जे करायचं ते निघण्याआधी करायचं असतं,” त्या म्हणाल्या.

पाटणला आम्ही चहाला थांबलो. स्टँडसमोरच्या टपरीबाहेर लाकडी बाक होतं. तिथून उलट दिशेला तोंड करून उभी असलेली कराडची एसटी दिसत होती. वहिनींनी माझी बॅग जीपमधून काढून बाकावर आणून ठेवली.

“गाडी उभी आहे,” त्या म्हणाल्या. “बोलायचं होतं ते बोल आणि जा.”

मी ते मनात फार वेगळ्या तऱ्हेनं रंगवलं होतं. ओटा, त्यांच्या हातचे पोहे, मी सहज सांगितल्यासारखं सांगतो आणि त्या हातातलं काम टाकतात, असं काहीतरी. इथं धुरळ्यात बसून मी म्हणालो, “माझं लग्न ठरलंय. रविवारी साखरपुडा आहे. तुम्हाला न्यायला आलो होतो.”

त्यांनी कप खाली ठेवला.

“कोण आहे?”

“वृंदा. सांगलीची. तिथल्या नगरवाचनालयात नोकरी करते.”

“कशी आहे?”

“चांगली आहे.”

“चांगली म्हणजे?”

“दोनदाच भेटलोय, वहिनी.”

“दोनदा भेटून काय बोललात?”

“फारसं काही नाही.”

त्या किंचित हसल्या. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांना हसताना मी पाहिलं, आणि ते हसू लगेच गेलं. “तू लहानपणीही असाच. पोटात दुखत असलं तरी सांगायचा नाहीस. कोपऱ्यात जाऊन बसायचास आणि कुणीतरी ओळखावं म्हणून वाट बघायचास.” मग त्यांनी पर्समधून घराची किल्ली काढली आणि माझ्या हातात ठेवली. “ही असू दे तुझ्याकडं. कपाटाच्या खालच्या कप्प्यात आईंच्या पाटल्या आहेत. वृंदाला घाल.”

“तुम्हीच घाला की रविवारी.”

एसटीच्या कंडक्टरनं घंटी वाजवली. त्या उठून उभ्या राहिल्या. “जा नंदू. ऐक माझं.”

त्यांच्या आवाजात विनवणी होती आणि मी तिचा भलताच अर्थ लावला. मला वाटलं, दादा गेल्यावर आम्ही कुणी त्यांना नको झालोय. माझ्या लग्नाच्या बातमीनंसुद्धा त्यांना काही वाटलं नाही. मी बॅग उचलून परत जीपमध्ये टाकली.

“आईनं सांगितलंय, तुम्हाला एकटं सोडायचं नाही.”

पुण्याहून निघताना आईनं असं काहीही सांगितलं नव्हतं. एसटी निघून गेली. वहिनी ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिल्या.

हेळवाक आलं तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. तिथून पुढं कुंभार्ली घाट. रस्त्याकडेला टायरचं दुकान होतं, दारात जुन्या टायरांची रास. वहिनींनी जीप थांबवली आणि दुकानदाराला डब्याच्या चाकांत हवा बघायला सांगितली. नाव इस्माईल, पन्नाशीचा, डोक्याला मफलर गुंडाळलेला. हवेची नळी ओढत तो डब्यापाशी गेला, पण खाली बसला नाही. दोन पावलं मागं सरून त्यानं एकदा डब्याकडं पाहिलं, एकदा जीपकडं. मग वाकून दांड्याला हात लावला.

“बाई, डबा मागं बसलाय,” तो म्हणाला. “दांडा हुकाला वर ओढतोय बघा. मागं काय भरलंय?”

“माहीत आहे,” वहिनी म्हणाल्या.

“घाट उतरायचाय नव्हं? माल पुढं सरकवून घ्या. मी हात लावतो.”

“तुम्ही हवा बघा.”

इस्माईल माझ्याकडं बघायला लागला. मी नजर चुकवली. वहिनी दुकानामागच्या घराकडं पाणी प्यायला गेल्या. दारात एक बाई भांडी घासत होती, तिच्याशी त्या काहीतरी बोलत होत्या. किल्ल्यांचा जुडगा जीपमध्येच लटकत होता.

‘माहीत आहे’ हे शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. जी बाई दर खेपेला काटा ठेवून वजन बघायची, तिला माहीत असून तिनं ते तसंच ठेवलं होतं. मी जुडगा घेतला आणि डब्याचं दार उघडलं.

आत बहुतेक नुसती जमीनच दिसत होती. घडीची खाट नव्हती, स्टोव्ह नव्हता, भांडी, अंथरूण, कपड्यांची पेटी, काही नव्हतं. दादानं जमिनीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं चौकोन आखून ठेवले होते आणि प्रत्येकात त्याच्या त्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं. ‘पाणी.’ ‘स्टोव्ह.’ ‘कुमुदची पुस्तकं.’ चाकांच्या जरा पुढं मोठा चौकोन, त्यात ‘दगड’. सगळे चौकोन रिकामे होते. मागच्या भिंतीलगतच्या पट्ट्यात त्यानं लिहिलं होतं, ‘इथं काही ठेवायचं नाही’. ती अक्षरं अर्धीच वाचता येत होती, कारण त्यांच्यावर दगडांच्या चार पेट्या एकावर एक रचलेल्या होत्या आणि बाजूला पाण्यानं भरलेली दोन पिंपं. पेट्या आणि पिंपं दोरखंडानं भिंतीच्या कड्यांना करकचून बांधलेली होती. पुढं सरकू नयेत म्हणून.

मी दार लावलं. कुलूप घातलं. जुडगा होता तिथं नेऊन लटकवला.

इस्माईलला हाक मारली असती तर दोघांनी मिळून दहा मिनिटांत पेट्या पुढं आणल्या असत्या. पिंपं उलटी केली असती तर पाच मिनिटांत. मी तसं केलं नाही. त्या पेट्यांना हात लावला की मला कळलंय हे वहिनींना कळलं असतं, आणि मग आम्हाला दोघांना त्याबद्दल बोलावं लागलं असतं. कोणत्या शब्दांत बोलायचं ते मला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर त्या बोलण्याची मला घाटापेक्षा जास्त भीती वाटली. मी जीपमध्ये जाऊन माझ्या जागेवर बसलो आणि ठरवलं की काही झालं तरी उतरायचं नाही.

वहिनी परत आल्या. त्यांनी जुडग्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“इथून चिपळूणला जाणारी गाडी तासाभरात येईल, असं ती बाई म्हणाली,” त्या म्हणाल्या. “तू तिनं पुढं ये. खाली भेटू.”

“मी इथंच बरा आहे.”

घाट सुरू होण्याआधी रस्ता थोडा रुंद होतो. तिथं त्यांनी जीप कडेला घेतली आणि इंजिन चालू ठेवून थांबल्या. समोर सगळं कोकण धुक्यानं पुसल्यासारखं होतं. कठड्यावर दोन माकडं बसली होती. खालून चढणाऱ्या ट्रकांची घरघर कितीतरी वेळ ऐकू येत होती, ट्रक मात्र दिसत नव्हते.

“घाट लागतोय,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“तुला काही बोलायचंय?”

“नाही,” मी म्हटलं. “चला.”

त्यांनी लगेच गाडी काढली नाही. मला वाटतं मिनिटभर, कदाचित जास्तच, त्या समोर बघत बसून राहिल्या. मग त्यांनी गिअर टाकला.

पहिली काही वळणं त्यांनी दुसऱ्या गिअरमध्ये, सावकाश उतरवली. मी मनात म्हटलं, झालं, जमलं. मी शेजारी आहे म्हणून त्यांनी विचार बदलला. मला स्वतःचं कौतुकसुद्धा वाटलं. मग एक लांब सरळ उतार आला आणि त्यांनी तिसरा टाकला.

इंजिनाचा आवाज एकदम हलका झाला. वारा कापडी छतावर फडफडू लागला. मागून पहिला झोका आला तो अगदी मऊ, कुणी पाळणा ढकलावा तसा. मग उलट बाजूला. हुकातून कण्हल्यासारखा आवाज निघत होता. खालून एक ट्रक चढत आला आणि आमच्या उजव्या अंगानं गेला. त्याचा वारा बसला आणि तिसऱ्या झोक्याला जीपचं तोंडच फिरलं. मला समोर रस्त्याऐवजी कठडा दिसला, मग पुन्हा रस्ता, मग डोंगर. वहिनींचे हात चाकावर होते, पण ते चाकाला धरून ठेवत नव्हते, नुसते ठेवलेले होते. त्यांचा चेहरा शांत होता. तो चेहरा मला आजही बघवत नाही.

“वहिनी,” मी म्हटलं. आवाज माझा वाटत नव्हता. “मला भीती वाटतेय. मला मरायचं नाहीये. तुम्हीही मरू नका.”

त्यांचे हात आवळले गेले.

पुढचं सगळं काही सेकंदांत झालं असणार. त्यांनी ब्रेकला पाय लावला नाही. तिसऱ्यातून दुसऱ्यात गिअर ओढला तेव्हा इंजिन ओरडलं. चाक त्यांनी छातीशी धरल्यासारखं घट्ट धरलं आणि झोका डावीकडं आला त्या क्षणी जीप डोंगराच्या बाजूच्या चरीत घातली. डावी चाकं दगडमातीवरून दणदणत गेली. डबा कडेला आपटला, पत्रा फाटल्याचा लांबलचक आवाज झाला, मग काहीतरी तुटलं आणि मागची ओढ एकाएकी नाहीशी झाली. जीप अजून वीसेक पावलं घासत गेली आणि कलती होऊन थांबली.

माझं कपाळ पुढच्या दांडीवर आपटून फुटलं होतं. मी मागं वळून पाहिलं. हुक पिळवटून मोडला होता, साखळी तुटली होती आणि डबा अर्धा रस्त्यात आडवा पडला होता. मागची भिंत उकलून दगड सांडले होते. पिंपाचं पाणी उतारावरून आमच्या दिशेनं वाहत येत होतं.

वहिनींनी इंजिन बंद केलं. पदराचं टोक माझ्या कपाळाला लावलं आणि दाबून धरलं.

“तू दार उघडलेलं मी बघितलं होतं,” त्या म्हणाल्या. “हेळवाकला. त्या बाईच्या दारातून.”

मी पदराचं टोक स्वतःच्या हातानं धरलं.

“वर थांबले ते त्याच्यासाठी. म्हटलं, आता हा काहीतरी म्हणेल. काहीही म्हणाला असतास, शिव्या दिल्या असत्यास तरी चाललं असतं. तू म्हणालास, चला.”

“मला वाटलं, मी शेजारी बसलोय तेवढं पुरे.”

“पुरे नव्हतं, नंदू.”

मग त्यांनी मला मे महिन्यातल्या त्या सकाळचं सांगितलं. गुहागरच्या सुरूच्या बनात डबा उभा होता. सातच्या सुमाराला दादाच्या छातीत दुखायला लागलं. वहिनी म्हणाल्या, डबा इथंच राहू दे, नुसती जीप घेऊन चिपळूण गाठू. दादा म्हणाला, दगड टाकून जायचं नाही, वर्षाची मेहनत आहे, पित्त झालंय, दुसरं काही नाही. त्या खेपेला त्याला पुष्कळ दगड मिळाले होते. हुकावर ऐंशी किलो भरत होतं. तो डब्याच्या पायरीवर घामानं निथळत बसला आणि तिथून सांगत राहिला: ती पेटी मागं घे, अजून जरा, आता काटा बघ. वहिनी पेट्या हलवत राहिल्या. पंचावन्न यायला चाळीस मिनिटं लागली. चिपळूण तीन-चार किलोमीटरवर राहिलं असताना त्यानं मान टाकली.

“डॉक्टर म्हणाले, आधी आणलं असतं तर वाचले असते असं काही सांगता येत नाही,” त्या म्हणाल्या. “आईंना मी वेळ वगैरे काही सांगितलं नाही. तुलाही नाही. चाळीस मिनिटं मी वजन बघत होते रे. त्याला एकदा ओरडून गप्प करायचं आणि गाडीत घालायचं, एवढंच करायचं होतं. मला बोलता आलं नाही.”

तेव्हा त्या रडल्या. दादा गेल्यावर त्यांना रडताना कुणी पाहिलं नव्हतं, सगळे त्यांच्या धीराचं कौतुक करत होते, मीही. मला त्यांच्या पाठीवर हात ठेवायचा होता. आमच्या घरात अशी पद्धत नव्हती. मी ठेवला.

वर जाणारे दोन ट्रक थांबले. माणसं उतरली, कुणी पाणी आणलं, कुणी माझ्या डोक्याला फडकं बांधलं. डबा रस्त्यातून बाजूला करायला आठ जण लागले. एका ड्रायव्हरनं खालचा एक दगड उचलून उन्हात धरला. आतून तो पांढरा होता आणि मधोमध मिठाच्या खड्यांसारखे हिरवट स्फटिक दाटलेले.

“बाई, हे काय हो? देवाचं आहे का?”

“देवाचं नाही,” वहिनी म्हणाल्या. “आवडला तर घेऊन जा.”

त्यानं विश्वास न बसल्यासारखं पाहिलं, मग तो दगड कापडात बांधला. ते बघून बाकीचेही वाकले. वहिनी जीपला टेकून उभ्या होत्या, कुणी एखादा दगड दाखवला की तो कुठल्या विहिरीतला, कुठल्या खाणीतला ते सांगत होत्या. उरलेले पुढं दादाच्या कॉलेजनं नेले. डबा भंगारात गेला.

हे सगळं मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. घरी आम्ही हुक तुटला असं सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. साखरपुडा तीन आठवडे पुढं ढकलला, माझ्या टाक्यांचं निमित्त करून. पाटल्या वहिनींनीच घातल्या. नंतर वर्षभर त्या पुण्याला आमच्याकडं राहिल्या, एका चांगल्या डॉक्टरांकडं दर आठवड्याला जात होत्या, आणि मग कराडला परतून त्यांनी ड्रायव्हिंग शिकवायला सुरुवात केली, फक्त बायकांना. आता त्या सत्तरीला आल्या आहेत. रोज संध्याकाळी आमचा फोन होतो. त्या नियमाला आम्ही दोघंही चुकत नाही आणि तो कधी, का सुरू झाला ते वृंदानं मला कधी विचारलेलं नाही. तिला बहुधा माहीत आहे. आज हे लिहून झालं की वाचायला तिलाच देणार आहे.

त्या दिवशी ट्रक निघून गेल्यावर जीप चालू होते का ते वहिनींनी पाहिलं. झाली. डावीकडचं मडगार्ड चेपलं होतं, बाकी ठीक होतं. ऊन उतरायला लागलं होतं. माझ्या कपाळाला टाके घालायला हवे होते आणि दवाखाना खाली चिपळूणला होता, तोच.

“दुसरीकडं जाऊ,” मी म्हणालो. “वर परत जाऊ. पाटणला असेल कुणीतरी.”

“चिपळूण जवळ आहे.”

त्यांनी चाकावर हात ठेवले. त्यांनी ते काढून मांडीवर घेतले, पुन्हा ठेवले.

“अजून बराच उतार आहे,” त्या म्हणाल्या. “तू बोलत राहा.”

“काय बोलू?”

“काहीही. वृंदाचं सांग. काय बोलली ती, काय नाही बोलली. फक्त थांबू नकोस.”

जीप पहिल्या गिअरमध्ये चरीतून बाहेर आली. मी सांगायला लागलो. पहिल्या भेटीत तिनं निळी साडी नेसली होती आणि तिच्या बोटाला शाई लागली होती. मी तिला विचारलं होतं की वाचनालयात धूळ फार असते का, आणि ती म्हणाली होती, पुस्तकं नेली तर नसते. वहिनींनी विचारलं, मग तू काय म्हणालास? मी म्हटलं, काहीच नाही. त्या म्हणाल्या, पुढं? एक वळण गेलं, दुसरं गेलं. पुढं काय झालं ते मी सांगत राहिलो, आणि सांगण्यासारखं संपलं तेव्हा जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगायला लागलो.